अंबाडीची भाजी, आईची कढई आणि साडेपाच हजारांचा हिशेब: एका नागपुरी स्वयंपाकघराचं प्रकरण

जानेवारीत वहिनीचा फोन आला, "ताई, संध्याकाळी येता का, मी सगळी भांडी काढून टाकून राहिली आणि आई बोलत नाहीयेत माझ्याशी." गेले तर ओट्यावर भांड्यांचे दोन ढीग, एक मोडीत द्यायचा आणि एक ठेवायचा, आणि मधे एकटी आईची अॅल्युमिनियमची कढई जिचा निकाल लागायचा होता. कारण काय तर व्हॉट्सअॅपवर फिरत असलेला तो मेसेज, इंग्रजांनी कैद्यांना हळूहळू मारायला अॅल्युमिनियमची भांडी आणली वगैरे. खरं तर आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या आर्ट स्कूलमध्ये अल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या माणसाने ही भांडी बनवायला सुरुवात केली, ती स्वस्त आणि हलकी म्हणून, पण मेसेजला कोण विचारतं. वहिनीने ऑनलाइन साडेचौदा हजारांचा ट्रायप्लायचा, म्हणजे तीन थरांच्या पत्र्याचा, अकरा भांड्यांचा सेट कार्टमध्ये टाकून ठेवला होता. आई म्हणे, "चाळीस वर्षं याच कढईत केलं, तुम्ही दोघंही याच्यातच वाढले, आता काहून फेकून राहिली?"

दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर होतं, आणि ते शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. अशाच भानगडीत अडकलेले खूप जण असतील म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिले.

आधी घर कसं आहे ते सांगते, कारण भांडी घरावर ठरतात. मानेवाड्याकडचा फ्लॅट, पाच माणसं. दादा, वहिनी, आई (७१ वर्षं, दोन वर्षांपूर्वी उजवं मनगट फ्रॅक्चर झालेलं) आणि दोन पोरं. सिलिंडरचा गॅस आहे, आणि एप्रिल-मे मध्ये पश्चिमेच्या भिंतीमुळे किचनची भट्टी होते म्हणून उन्हाळ्यात इंडक्शन जास्त चालतं. बोअरचं पाणी आहे, नळाखाली दोन दिवसांत पांढरा थर. भांडी घासायला दुपारी बाई येते. वहिनीचं हिमोग्लोबिन ९.२ आलं होतं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. आणि खाणं म्हणाल तर अंबाडीची भाजी, आंबट चुका, गोळ्याची कढी, चिंचगुळाची आमटी, पातोडी रस्सा, रविवारी दादाचं सावजी पद्धतीचं मटण. म्हणजे घरात आंबट आणि तिखट भरपूर, आणि ती एक गोष्ट त्या मेसेजमधे कुठेच नव्हती.

मी वहिनीला म्हटलं, सेट राहू द्या कार्टमध्येच, आठ दिवस फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि लिहा, काय शिजवलं, कशात, किती वेळ, शिजल्यावर त्याच भांड्यात किती वेळ पडून राहिलं, आणि कोणी घासलं. वहिनीला हे जरा शाळेसारखं वाटलं पण तिने लिहिलं. मोठ्या पोराने त्यात "आज भाजी बोअर" असंही लिहून ठेवलं होतं.

कागद वाचला आणि अर्धं प्रकरण तिथेच उलगडलं. आईच्या कढईत आठ दिवसांत चार वेळा आंबट पदार्थ झाला होता आणि त्यातला दोनदा रात्रभर तसाच, झाकण ठेवून, ओट्यावर. नॉनस्टिक तव्यावर डोसे झाले होते एकदा, बाकी रोज त्यावर पोळ्या, आणि ठेच्याच्या मिरच्या मोठ्या आचेवर रिकाम्या तव्यात भाजलेल्या. साध्या पातळ स्टीलच्या कढईसमोर तीनदा एकच शब्द, "लागलं". आणि एक पितळी पातेलं, ते कागदावर कुठेच नाही, ते माळ्यावर.

आता अंबाडी. हे मी स्वतः उभी राहून पाहिलं. आईने अंबाडी, तूरडाळ आणि कण्या घालून भाजी केली, पाऊण तास रटरटली, आणि भाजी काढून कढई धुतली तर आत एक रेषा दिसली, भाजी जिथपर्यंत होती तिथपर्यंत कढई नव्यासारखी चकचकीत आणि तिच्या वर जुनी मळकट राखाडी. आई खूश, "पाहा, अंबाडीने कशी निघते." निघते खरी, पण निघतं काय तर अॅल्युमिनियमवर हवेने आपोआप बसणारा ऑक्साइडचा पातळ थर, तोच त्या धातूचं कातडं असतो, आणि आंबटाने तो विरघळला की खालचा धातू थोडाथोडा भाजीत उतरतो. मीठ पण त्याला लागतं, फक्त वेगळ्या तऱ्हेने, ते एका जागी बारीक खड्डे पाडतं. आईच्या कढईच्या तळाला तसे मोहरीएवढे काळे ठिपके होतेच, बोअरचं पाणी त्यात तासन्‌तास भिजत पडायचं त्याची ती करामत.

किती उतरतो हा खरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये जी मर्यादा ठरवली ती आठवड्याला शरीराच्या किलोमागे २ मिलीग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० मिलीग्रॅम, आणि त्यात खाण्यातून येणारं सगळंच धरलेलं. वरण, भात, बटाटे उकडणं यातून फार काही येत नाही. आंबट, खारट, जास्त वेळ आणि मग रात्रभर साठवणं, हे चार एकत्र आले की आकडा वाढतो. निरोगी माणसाची किडनी ते बाहेर टाकते, किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र जपायलाच पाहिजे. स्मृतिभ्रंशाचा जो बाऊ करतात तो संबंध सिद्ध झालेला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातही भर साठवण्यावर आहे, चटणी, सांबार असले आंबट पदार्थ अॅल्युमिनियम, लोखंड किंवा बिनकल्हईच्या पितळ-तांब्यात ठेवू नका. आपल्या आज्या याला एका शब्दात सांगायच्या, कळकतं. ताक पितळेत कळकतं हे सगळ्यांना माहीत, अॅल्युमिनियम नंतर घरात आलं म्हणून त्याला तो नियम कोणी लावलाच नाही एवढंच.

वहिनी म्हणे मग कुकर पण टाकायचा का. नाही ना! आपण कुकरमध्ये डबे लावतो आणि डबे स्टीलचे, वरण-भाताला कुकरचा धातू लागतच नाही. आतून काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे, तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकली की पडत नाही. कुकर राहिला.

नॉनस्टिकचं त्याहून सरळ होतं. त्यावरचा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर १९३८ मध्ये अपघाताने सापडलेला पदार्थ, अन्नाशी काही करत नाही, खरवडलेला तुकडा पोटात गेला तरी तसाच बाहेर पडतो. पण साधारण २६० अंशांच्या पुढे तो बिघडायला लागतो आणि आणखी तापला तर धूर विषारी, घरातले पक्षी त्याने मरतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर पाच मिनिटांच्या आतच तिथे पोचू शकतो. पोषण संस्था तर आणखी सावध, ती १७० अंशांच्या वर जाऊ नका म्हणते. म्हणजे ज्या घरात मिरच्या भाजतात आणि पोळ्या शेकतात त्या घरात तो तवा चुकीच्या नोकरीवर लागलेला होता. तो मोडीत गेला, आणि मोडवाल्याने त्याचे काहीच दिले नाहीत.

मग शनिवारी इतवारीच्या बाजारात. आई, वहिनी आणि मी. दादाने "ऑनलाइन मागवा ना, त्या गर्दीत कोण जाते" म्हणून पाहिलं पण भांडं हातात घेतल्याशिवाय कळत नाही हे मला नक्की माहीत होतं, आणि तसंच झालं. मी मनात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई ठरवूनच गेले होते. बीड जाड असतं, उष्णता धरून ठेवतं, वांगी-मटण फार छान होतं. भांडे ओळीतल्या एका दुकानात २६ सेंटीमीटरची बिडाची कढई काढायला लावली, आईने डाव्या हाताने एका कानाला धरून ती रिकामी उचलून पाहिली, काही न बोलता खाली ठेवली आणि पदराने हात पुसला. चार किलोच्या जवळपास, त्यात भाजी पडली की साडेपाच. माझी सगळी माहिती तिथे त्या एका हाताने खोडली. शेवटी कढई घेतली ती पत्र्याची लोखंडी, पावणेदोन किलोची, दोन्हीकडे रुंद कान, आणि बीड घेतलं ते फक्त तव्यापुरतं, कारण तवा शेगडीवर बसून असतो, तो उचलून ओतावा लागत नाही.

स्टीलच्या दुकानात एक गंमत झाली. दुकानदाराने खिशातून लोहचुंबक काढलं, पातेल्याला लावलं, चिकटलं नाही, तर म्हणे "बघा ताई, चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल ३०४." हे ऐकून कित्येक जण पैसे देत असतील. ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ते चिकटत नाही हे खरं, पण २०२ नावाचं स्वस्त स्टील, ज्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते पण चिकटत नाही! आणि तेच मिठाच्या पाण्याने लवकर ठिपके धरतं. म्हणून लोहचुंबकाचा उपयोग एकच, इंडक्शनवर चालेल का ते बघायला, तेही भांड्याच्या बुडाला बाहेरून लावून. ग्रेड पाहिजे तर भांड्यावर कोरलेला बघायचा आणि बिलावर लिहून मागायचा. मी म्हटलं "३०४ बिलावर लिहून द्या" तर त्याने दुसऱ्या फळीवरचं पातेलं काढलं, एवढ्यावरून समजून घ्या. सरकारने मार्च २०२४ च्या आदेशाने स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा केला, स्टीलचं मानक आयएस १४७५६ आणि अॅल्युमिनियमचं आयएस १६६०, तो शिक्का शोधायला दहा सेकंद लागतात.

ट्रायप्लायची दोनच भांडी घेतली, २४ ची कढई झाकणासकट आणि एक दोन लिटरचं पातेलं. ट्रायप्लाय म्हणजे काय हे वहिनीला मी त्या जुन्या "लागलं"वाल्या कढईवरून दाखवलं. तिच्या बुडाला जळका डाग होता तो बरोब्बर बर्नरच्या आकाराचा, गोल कडं. स्टील उष्णता पसरवण्यात फार ढ, तांब्याचा आकडा ४०० धरला तर अॅल्युमिनियम २३० च्या आसपास, पितळ शंभरच्या थोडं वर, बीड ५० आणि स्टील फक्त १५. ज्वाला जिथे लागते तिथेच जळतं, बाजूचे पोहे थंड. ट्रायप्लायमध्ये आत अन्नाला ३०४, बाहेर चुंबकाला चिकटणारं ४३० ग्रेडचं स्टील, आणि मधे काठापर्यंत अॅल्युमिनियम, जे उष्णता पसरवतं पण भाजीला कधी भेटत नाही. म्हणजे ज्या अॅल्युमिनियमला वहिनी घराबाहेर काढत होती तेच या महाग सेटच्या पोटात बसलेलं. हे ऐकून आईला जो आनंद झाला तो विचारू नका, दुकानातच म्हणे, "मंग मी का सांगून राहिली होती?"

अकराचा सेट का नाही? कारण कागदावर अकरा भांड्यांचं कामच नव्हतं. सेटमध्ये सॉसपॅन होतं, दोन फ्रायपॅन होते, काचेची झाकणं होती, आणि मटण मावेल असं एकही भांडं नव्हतं.

माळ्यावरच्या पितळी पातेल्याचं मात्र मी ठरवलेलं नव्हतं, ते आईने पिशवीत घालून सोबत आणलं होतं, न सांगता. तिचं माहेर भंडारा, पितळेचंच गाव, पातेल्याच्या काठाखाली आजीचं नाव आणि १९६८ असं टाचणीने टोचल्यासारखं कोरलेलं. आत पूर्ण पिवळं झालेलं, कल्हई कधीच गेलेली. इतवारीत विचारत विचारत एका बोळात कल्हईवाला सापडला. त्याने ते आधी घासून धुतलं, मग फुंकणीच्या भट्टीवर पालथं-उताणं फिरवत तापवलं, आत नवसागराची चिमूट टाकली तसा पांढरा धूर भस्सकन नाकात गेला आणि आम्ही तिघी खोकत मागे, आणि तेवढ्यात त्याने कथलाची कांडी तळाला टेकवली, ती लोण्यासारखी वितळली, आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात सगळीकडे फिरवून दिली. पिवळं भांडं डोळ्यासमोर चांदीचं झालं. साडेतीनशे घेतले. त्याला मी फक्त एक विचारलं, कथील शुद्ध आहे का, शिसं नाही ना त्यात, कारण शिसं स्वस्त पडतं आणि ते पोटात जाणं वाईटच. त्याने न चिडता कांडी वाकवून दाखवली, बारीक कुरकुर आवाज आला, कथील वाकवलं की ते असं कुरकुरतं. घरी आल्यावर वहिनीला एकच ताकीद, हे रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, कथील २३२ अंशांना वितळतं, फोडणी करायला तेल नुसतं तापत ठेवलं तरी कल्हई सरकते. खीर, वरण, वडा-भाताचा भात, असं पाण्या-दुधाचं काम त्यात.

एकूण बिल असं झालं: ट्रायप्लाय कढई १९५०, पातेलं १६००, लोखंडी कढई ५५०, बिडाचा तवा ९५०, कल्हई ३५०, लाकडी कालथे १२०. ५,५२० रुपये.

आता काय बिघडलं ते. पहिल्याच आठवड्यात वहिनीने उत्साहात चिंचगुळाची आमटी लोखंडी कढईत केली, आमटी शाईसारखी काळी, आणि धाकट्याने एक घोट घेऊन "खिळा चाटल्यासारखं लागते" म्हणून ताट सरकवलं. आंबटाने लोखंड सुटतं आणि तुरटपणाशी जुळून काळं होतं, हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून पूर्वी शाईच करायचे. नव्या कढईत हे जास्त होतं. मी तिला सांगायला पाहिजे होतं, विसरले. तेव्हापासून आंबट ते सगळं ट्रायप्लायमध्ये, आणि लोखंडीत झुणका, परतलेली मेथी, बटाट्याच्या काचऱ्या, आणि दादाचं मटण, ज्याचा रस्सा मुळातच काळा असतो म्हणून त्याला काही फरक पडत नाही. झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं.

दुसरं, बाईंनी ती कढई पाणी भरून सिंकमध्ये ठेवली आणि मग तारेच्या घासणीने पांढरी होईपर्यंत घासली, चकचकीत केली म्हणून वर सांगितलंही. संध्याकाळी केशरी गंज. तिची काय चूक, तिला आयुष्यभर भांडं चकचकीत कर हेच सांगितलेलं. परत सगळं पहिल्यापासून, घासून, कोरडी करून, जवसाचं तेल लावून. जवसाचं तेल आपल्याकडे सावजी रश्श्यात वापरायचे, ते वाळून कडक होणारं तेल आहे, रंगातही तेच घालतात, म्हणून लोखंडावर त्याचा थर चांगला बसतो. कापडाने लावायचं आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं पुसून टाकायचं, मग धूर निघेपर्यंत तापवायचं, असं तीनदा. वहिनीने पहिल्या खेपेला भरपूर लावलं तर कढई च्युइंगमसारखी चिकट झाली. आता कढई आणि तवा वहिनी स्वतःच गरम पाण्याने धुते आणि गॅसवर अर्धा मिनिट वाळवते, बाईंच्या सिंकमध्ये ती जातच नाहीत.

लोहाचं विचारतात म्हणून. लोखंडी भांड्यातून लोह अन्नात येतं हे खरं आहे, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातल्या लहान मुलांचा अभ्यास आला होता, लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन अॅल्युमिनियमवाल्यांपेक्षा जास्त वाढलं होतं. वहिनीचं मे मध्ये ११.१ आलं. पण ती गोळ्या नियमित घेत होती आणि जेवणावर लगेच चहा घेणं तिने बंद केलं होतं, त्यामुळे कढईला श्रेय देऊन मी मोकळी होणार नाही, आणि कढई आली म्हणून गोळ्या बंद करायच्या ही कल्पना तिच्या डोक्यात आली होती ती मी तिथेच हाणून पाडली. आणखी एक, आपल्या विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे पेशंट बरेच, ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं, अशा घरात लोखंडी कढई आणायच्या आधी डॉक्टरांना विचाराच.

आईची कढई गेली नाही. तिच्यात बटाटे उकडतात, शेंगदाणे भाजतात, आणि कुरड्या-पापड्या तळतात, तेलाने तिला काही होत नाही. अंबाडी मात्र आता ट्रायप्लायमध्ये, आणि आईचं म्हणणं आहे की चव उतरली. मला फरक कळला नाही, दादाला कळला म्हणे, पण तो आईसमोर बसला होता.

परवा गेले तर आई पितळी पातेलं खिडकीच्या उजेडात तिरपं धरून बघत होती. तळाला पाच रुपयाच्या नाण्याएवढं पिवळं दिसायला लागलंय, कोणीतरी रिकामं ठेवलं असणार गॅसवर. वहिनी म्हणे मी नाही. शनिवारी परत इतवारी.